पावसाळ्यात लॉन कापल्यावर पिवळं का पडतं? (उंची, पातं, मशीन, माळी – सगळं इथेच बोलूया)

दूर्वांकुर

पाऊस सुरू झाला की "परवा लॉन कापलं, आता पिवळं पडलंय, कुठलं खत टाकू?" हा प्रश्न बागकाम विभागात फिरून फिरून येतो. खताने सुटणारी यातली प्रकरणं फार थोडी. बहुतेक वेळा गवत उशिरा कापलेलं असतं आणि एकाच फटक्यात फार खाली आणलेलं असतं. म्हणून हा धागा फक्त कापण्यापुरता ठेवूया. मी पुणे-नाशिक-कोल्हापूर पट्टा धरून लिहितोय. कोकणातल्या आणि परदेशातल्या मंडळींनी आपापली भर घालावी.

आधी आपल्या अंगणात कोणतं गवत आहे ते बघा. नर्सरीवाल्याने सांगितलेल्या नावावर जाऊ नका, ती नावं गावागणिक बदलतात. बारीक मऊ पात्याचं, आडव्या कांड्यांनी पसरणारं, दूर्वांच्या सख्ख्या नात्यातलं दिसतं ते बहुधा 'सिलेक्शन वन'. दाट, जरा टोचणारं, पाय दिला की दबून परत वर येणारं ते झोयसिया. हे कोरियन किंवा मेक्सिकन म्हणून विकतात. रुंद पानांचं, झाडाच्या सावलीतही तग धरणारं ते शेड ग्रास, याला काही ठिकाणी बफेलो म्हणतात.

फिरत्या पात्याच्या मशीनने कापायचं तर सिलेक्शन २५ ते ४० मिमी, झोयसिया २५ ते ४०, रुंद पानांचं ५० ते ७०. सावली असेल तर प्रत्येकात १० मिमी वाढवा. सावलीत गवताला ऊन कमी मिळतं, त्याची भरपाई पानाच्या जास्त लांबीने होते.

आता मुख्य गोष्ट. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. ३० मिमीवर ठेवायचं असेल तर गवत ४५ ला पोचलं की मशीन काढायचं. मे महिन्यात ही वाढ व्हायला दहा-बारा दिवस लागतील, पण जुलै-ऑगस्टमध्ये खत मिळालेलं सिलेक्शन चार-पाच दिवसांत तिथे पोचतं. दर पंधरवड्याला कापणाऱ्याचं गवत तोवर ८०-९० मिमी झालेलं असतं. एवढ्या उंचीला हिरवं पान फक्त वरच्या भागात असतं, खाली ऊन न लागलेली फिकट कांडी. तिथून थेट ३० वर आणलं की पान सगळं टोपलीत जातं आणि अंगणात कांड्या उरतात. ते पिवळं 'पडलेलं' नसतंच, आधीपासून तसंच होतं, फक्त आता दिसायला लागलं.

नुकसान दिसण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. अमेरिकेच्या कृषी खात्यात एफ. जे. क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकदम निम्म्याहून जास्त पालेदार भाग कापल्यावर गवताच्या मुळांची वाढ थांबलेली दिसली. मुळं थांबलेली, वर संततधार, जमिनीत हवा नाही. मग त्यात युरिया टाकला की बुरशीला आयतं आमंत्रण.

गवत हाताबाहेर गेलं असेल तर टप्प्याने उतरवा. ९० झालंय? पहिल्या दिवशी ६० वर. तीन-चार दिवस थांबून ४५ वर. पुन्हा तेवढेच दिवस थांबून ३०-३५ वर. मधल्या काळात युरिया नको.

शेवंती

छान धागा, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. उंची मोजायची कुठून? मशीनच्या दांडीवर १ ते ६ आकडे आहेत, मिमी कुठेच नाही. आणि आमच्या सोसायटीत माळीकाका ब्रश कटर घेऊन येतात, महिन्यातून दोनदा. त्याने ही उंची पाळता येते का?

गंज_पाना

शेवंतीताई, दांडीवरचे आकडे म्हणजे नुसत्या खाचा. मशीन सपाट फरशीवर उभं करा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, विजेचं असेल तर पिन भिंतीतून काढा, मगच खाली हात घाला. फरशीपासून पात्याच्या धारेच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. पात्याच्या मधल्या भागापासून मोजू नका, कापतं ते टोक. प्रत्येक खाचेचा आकडा एकदा मोजून मार्करने दांडीवर लिहून टाका. चारही चाकांजवळ मोजा. एका चाकाची खाच चुकली असेल तर कापलेल्या पट्ट्यांत एक बाजू सतत खाली जाते आणि लॉनवर पिवळे-हिरवे पट्टे उमटतात.

मऊ जमिनीवर चाकं रुततात, त्यामुळे पावसाळ्यात प्रत्यक्ष उंची फरशीवरच्या मापापेक्षा ५ मिमी तरी कमी निघते. म्हणून जून ते सप्टेंबर एक खाच वर.

ब्रश कटरचं म्हणाल तर नाही, पाळता येत नाही. हे माळीकाकांच्या हाताला नाव ठेवणं नव्हे. ते यंत्र पट्ट्याने खांद्याला लटकतं आणि डावीकडून उजवीकडे कमानीत फिरतं. कमानीच्या दोन टोकांना डोकं जरा वर जातं, मध्ये खाली येतं, त्यामुळे लॉनवर बशांसारखे खळगे दिसतात. शिवाय नायलॉनची दोरी गवत कापत नाही, फटकारून तोडते. पानाचं टोक चिरफाळतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरट-करडं होऊन वाळतं. ब्रश कटर कुंपणाची कड, पायऱ्या, झाडाचं आळं एवढ्यालाच. तिथेही रोपाच्या बुंध्याला दोरी लागू देऊ नका, साल गोल सोलली गेली की झाड मरतं.

माळीकाका तेच आणि पैसे तेवढेच ठेवायचे असतील तर सोसायटीने स्वतःचं मशीन घ्यावं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला एक फेरी ठरवावी. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की वाढ मंदावते, तेव्हा तीन आठवड्यांनी एक फेरी पुरते. वर्षाच्या फेऱ्या फार वाढत नाहीत, फक्त वाटणी बदलते.

बांधावरचा

+१ ब्रश कटरबद्दल. पण सगळे फिरत्या पात्याचंच बोलताहेत म्हणून लिहितो: हजार-बाराशे चौरस फुटांचं सिलेक्शन असेल तर हाताने ढकलायचं सिलिंडर मशीन घ्या. इंजिन नाही, वायर नाही, आवाज नाही. गोल फिरणाऱ्या पात्या आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात पान सापडतं आणि कात्रीने कापावं तसं कापलं जातं. इंग्लंडच्या एडविन बडिंगने १८३० साली पहिलं लॉन मोवर केलं ते लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र बघून, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. या मशीनने सिलेक्शन १५ ते २५ मिमीवरसुद्धा छान राहतं. त्या उंचीला फिरतं पातं जमीन खरवडतं.

सगळी मेख स्थिर पट्टीच्या जुळणीत. दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा, डावा-उजवा आळीपाळीने. मग वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी पातं आणि स्थिर पट्टीच्या मध्ये आडवी न धरता सरळ आत घाला आणि सिलिंडर हाताने, म्हणजे लाकडाच्या तुकड्याने, हळू फिरवा. बोटं लांब. डावं टोक, मध्य, उजवं टोक, तिन्ही जागी कागद स्वच्छ कापला पाहिजे. दुमडला तर फट जास्त आहे. कागद कापतोय पण ढकलताना घरघर आणि ओढ लागतेय तर पट्टी जास्त घट्ट बसलीय, धार लवकर जाईल.

पट्टी नीट बसूनही कागद फाटतोय तेव्हा लॅपिंग करायचं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट मिळते. ती ब्रशने पात्यांच्या धारेला लावायची आणि सिलिंडर उलट्या दिशेने फिरवायचा. हातमशीनमध्ये चाक काढून आतलं छोटं दातेरी चाक बाहेर घेतलं की सिलिंडर मोकळा होतो. पाच-सात मिनिटं फिरवा, पेस्ट पाण्याने पूर्ण धुवा, पुसा, तेल लावा, पुन्हा जुळणी. पेस्टचा कण बेअरिंगमध्ये गेला तर बेअरिंग गेलं समजा.

गंज_पाना

बांधावरचे, धार तुमचीच सरस, मान्य. पण जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला की सिलिंडर हरतो. गवत सिलिंडरच्या निम्म्या उंचीच्या वर गेलं की पुढचा भाग ते वाकवतो आणि वरून निघून जातो. फुलोऱ्याच्या दांड्या तर तशाच उभ्या राहतात. आणि अंगणात खडी असेल तर एक खडा पट्टीला खाच पाडतो. ती खाच असेपर्यंत प्रत्येक फेरीत गवताची एक न कापलेली रेघ. ज्याला आठवड्यातून दोनदा फिरवायची चिकाटी आहे त्यानेच घ्यावं.

बाकीच्यांसाठी फिरत्या पात्याची धार कशी लावायची ते सविस्तर लिहितो, कारण वर्षानुवर्षं लोक कंपनीच्या मूळ धारेवरच मशीन हाकतात.

पेट्रोल मशीन आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर. उलट केलं तर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि नंतर मशीन पांढरा धूर सोडतं, नाहीतर सुरूच होत नाही. त्याआधी टाकीतलं पेट्रोल कमी करून घ्या. पातं फिरू नये म्हणून ते आणि डेक, म्हणजे पात्याभोवतीचं कवच, यांच्यात लाकडी ठोकळा अडकवा. बोल्ट खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. काढण्याआधी पात्याच्या खालच्या बाजूला खडूने खूण करा. पात्याची टोकं मागच्या कडेला जिथे वर वळलेली असतात ती बाजू डेककडे, म्हणजे वर, राहते. तो वळलेला भाग पंख्यासारखी हवा ओढून गवत उभं करतो. उलटं बसवलं तर गवत आडवं झोपतं आणि बोथट कडेने चेचलं जातं. नवीन पातं टाकूनही पिवळं पडतंय अशा तक्रारीत हे एक कारण हमखास बघावं.

पातं शिकंज्यात धरा आणि मूळ उताराच्या कोनात, म्हणजे साधारण ३० अंशांत, कानशीने घासा. फक्त वरच्या उतारावर. पाठीमागून घासून धार दुहेरी करायची नाही. ग्राइंडर वापरलात तर थांबत थांबत. पोलाद निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. दाढीच्या पात्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला दुमडते. लोणी कापायच्या सुरीइतकी पुरे.

मग तोल. भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकात अडकवा. जी बाजू खाली जाते ती जड, तिच्या टोकाकडच्या मागच्या कडेला थोडं घासा, धारेला नाही. पातं आडवं स्थिर राहिलं की झालं. तोल नसलेलं पातं मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं तेव्हा हँडलला मुंग्या येतात, नटबोल्ट सैल होतात आणि इंजिनच्या दट्ट्याखालच्या दांड्याची बेअरिंगं झिजतात. बसवताना बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने कसा, बहुतेक घरगुती मशीनना तो ४५ ते ६० न्यूटन-मीटर असतो.

धार दर २०-२५ तासांच्या कामानंतर. दगडावर आदळलं तर लगेच बघा. वाकलेलं किंवा चीर गेलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, सरळ भंगारात.

मुळशीकर

उपयुक्त. पण पिवळं नक्की कशामुळे पडलंय हे घरी कसं ओळखायचं? उंची, धार की रोग?

दूर्वांकुर

मुळशीकर, कापल्यावर किती वेळाने दिसलं, हे पहिलं विचारा.

कापता कापताच मागे वळून पाहिलं आणि पिवळं-तपकिरी दिसलं तर उंचीचा दोष. वाकून बोटांनी गवत बाजूला करा, नुसत्या कांड्या दिसतील. सगळीकडे दिसलं तर फार खाली कापलंय. ठरावीक उंचवट्यांवरच दिसलं तर जमीन सपाट नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर वरून करडी झाक आली तर धार. दहा-वीस पानं तोडून भिंगातून, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. टोक सरळ छाटलेलं असेल तर धार ठीक. टोकाला दोरे लोंबत असतील तर पातं बोथट.

चार-सहा दिवसांनी गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराचे डाग आले, रोज थोडे पसरताहेत, पहाटे दवात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसताहेत, तर बुरशी. तिथे कापणं थांबवू नका, पण तो भाग सगळ्यात शेवटी कापा, तिथलं गवत गोळा करून वेगळं टाका आणि पात्याखालचा भाग धुऊन वाळवा. गवत ओलं असताना त्या भागात मशीन फिरवलं की चाकांबरोबर बुरशी सगळ्या अंगणात जाते. संध्याकाळी पाणी द्यायची सवय असेल तर ती सकाळवर आणा.

सरळ रेषेत, चाकाच्या रुंदीचे गडद किंवा मळकट पट्टे दिसले तर ते रुतण्याचे. काळ्या मातीच्या अंगणात हे फार. कापण्यापूर्वी टाच जोरात दाबा. खळग्यात पाणी जमलं तर त्या दिवशी मशीन नको, मग गवत कितीही वाढलेलं असो. ओल्या काळ्या मातीत पडलेली चाकोरी ऑक्टोबरमध्ये विटेसारखी कडक होते आणि पुढच्या वर्षीपर्यंत पातं तिथे अडखळतं.

शेवंती

पण पाऊस थांबतच नाही तेव्हा? आठ-आठ दिवस उघडीप नसते.

कोकणातून

ताई, आमच्याकडे तर हा प्रश्न जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोजचाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिमीच्या वर पाऊस, कोरडं गवत मिळेल म्हणून वाट बघणारा माणूस थेट दसऱ्यालाच कापेल. दोन-तीन तासांची उघडीप मिळाली की निघायचं. निघण्याआधी लांब बांबूने किंवा दोन माणसांनी धरलेल्या दोरीने गवतावरून एकदा झटका मारायचा, पानावरचं निम्मं पाणी खाली पडतं. मशीन नेहमीच्या निम्म्या वेगाने ढकलायचं आणि प्रत्येक पट्टा अर्धाच घ्यायचा, म्हणजे मशीनची निम्मी रुंदी आधी कापलेल्या भागावर. डेकमध्ये गोळे अडकत नाहीत. उंची एक खाच वर. आणि हे फक्त पेट्रोलच्या किंवा हातमशीनने. वायरचं मशीन ओल्यात नाही म्हणजे नाही.

प्रत्येक वेळी काम झालं की डेकखालचा चिखल-गवताचा थर लाकडी पट्टीने खरवडा. तो वाळला की दगड होतो, हवा फिरायची जागा कमी होते, गवत उभं राहत नाही आणि मग लोक पात्याला दोष देतात. स्वच्छ करून कोरड्या डेकला जुन्या तेलाचा हात फिरवला तर पुढच्या वेळी कमी चिकटतं.

आमची जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, त्यामुळे रुतण्याचा त्रास तुमच्यापेक्षा कमी. पण चिऱ्याचे तुकडे वर येतात आणि पात्यातून गोळीसारखे उडतात. कापण्याआधी चालत एक फेरी, खडे वेचायचे. तीच फेरी दुसऱ्या कारणासाठीही: पावसाळ्यात वाढलेल्या गवतात घोणस आणि फुरसं निवांत पडलेलं असतं. बूट घोट्याच्या वरपर्यंत, हातात काठी, आणि वाफ्यांच्या कडा आधी मोकळ्या करायच्या. उतारावर ढकलायचं मशीन नेहमी आडवं चालवा. वर-खाली चालवताना पाय घसरला तर मशीन अंगावर येतं, नाहीतर पाय त्याच्याखाली जातो.

वायरमन

"वायरचं मशीन ओल्यात नाही" हे ठळक अक्षरांत वाचा. त्यात माझी भर.

घरगुती विजेचं मशीन साधारण १२०० ते १८०० वॉटचं असतं. १६०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ७ अँपिअर. ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर लावायचं नाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. वायर २५ मीटरपर्यंत १.५ चौ. मिमी, त्याहून लांब असेल तर २.५ चौ. मिमी. मशीन तीन पिनचं असेल तर वायरही तीन कोअरची. गणपतीच्या रोषणाईची एक्स्टेंशन इथे आणू नका. ती बारीक वायर भिंगरीवर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं की आतल्या आत वितळते. जाड वायरसुद्धा पूर्ण उलगडूनच वापरायची.

घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किटला पडतो, माणसाला बसणाऱ्या धक्क्याला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला पाहिजे.

कापायला पॉइंटच्या बाजूने सुरुवात करा आणि लांब जात राहा, वायर कायम कापून झालेल्या भागावर राहते. वायर खांद्यावरून मागे टाकलेली. पात्याखाली वायर गेलीच तर आधी भिंतीवरची कळ बंद, पिन बाहेर, मग वायरला हात.

ओहायोकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी वरचे मिमी जसेच्या तसे घेऊ नयेत. ओहायो, न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगनमध्ये घरापुढे बहुतेक केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास यांचं मिश्रण असतं. हे थंडीचं गवत. उंची ७५ ते १०० मिमी, म्हणजे ३ ते ४ इंच, वर्षभर. याला २५-३० मिमीवर आणलं तर जुलैच्या उन्हात पातळ होतं आणि मोकळ्या जागेत क्रॅबग्रास हे तण उगवतं. उंच ठेवलेल्या गवताची सावली जमिनीवर पडते, क्रॅबग्रासचं बी कमी रुजतं. भारतातून आलेल्या माणसाला चार इंच गवत म्हणजे अस्ताव्यस्त वाटतं, पण इथे तेच बरोबर.

वाढीचा जोर एप्रिल-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्यात पाणी नसेल तर हे गवत पिवळं पडून झोपी जातं. तेव्हा कापू नका. फॉलमध्ये पडलेली पानं मशीनखाली बारीक करून तिथेच सोडा, फक्त त्यातून गवत दिसत राहिलं पाहिजे. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडाकडच्यांचं गवत बर्म्युडा, झोयसिया किंवा सेंट ऑगस्टीन असतं. पहिल्या दोघांना दूर्वांकुर यांचे आकडे चालतील, सेंट ऑगस्टीनला मात्र ६० ते १०० मिमी ठेवा.

न्यू जर्सीकरांसाठी: १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाने लॉनला खत टाकायला कायद्याने बंदी आहे. फॉस्फरस असलेलं खत माती तपासणीत कमतरता निघाली किंवा नवीन गवत लावायचं असेल तरच.

मुळशीकर

कापलेलं गवत उचलायचं की ठेवायचं? घरात यावरून दोन पक्ष आहेत. ठेवलं तर खाली थर जमतो म्हणे.

बांधावरचा

बारीक असेल तर ठेवा. पानात पाणी जास्त, ते आठ-दहा दिवसांत मातीत मिसळतं. खाली जो तपकिरी, स्पंजासारखा थर जमतो तो पानांचा नसतो, तो न कुजणाऱ्या कांड्यांचा आणि मुळांचा असतो. जास्त युरिया आणि जास्त पाणी यांनी तो वाढतो. झोयसियात आणि सिलेक्शनमध्ये तो १२-१५ मिमीच्या वर गेला तर मशीनची चाकं त्यावर तरंगतात आणि उंची चुकते. कापलेलं गवत तिथेच सोडत गेलात तर वर्षाच्या नत्राच्या गरजेचा चौथा हिस्सा सहज परत मिळतो.

उचलायचं कधी: ओले गोळे पडले असतील, बुरशी असेल, तणाला बी धरलं असेल तेव्हा. गोळे दोन दिवस तसेच राहिले तर त्यांच्याखालचं गवत पिवळं पडतं, आणि मग पुन्हा हाच धागा! उचललेलं गवत एकट्याने ढिगात टाकलं की लिबलिबीत होऊन घाण वास मारतं. दुप्पट वाळका पाला मिसळा. शेजारच्या गोठ्यात द्यायचं असेल तर त्याच तासाला द्या, मशीनने चेचलेलं ओलं गवत लगेच तापतं. आणि तणनाशक मारलेलं असेल तर अजिबात देऊ नका.

शेवंती

आमच्याकडे लव्हाळा फार आहे. वारंवार कापल्याने तो जातो का?

दूर्वांकुर

जात नाही. वर पाती कापली तरी जमिनीतल्या गाठी शाबूत असतात. कापल्यावर दोन दिवसांत लॉनच्या वर पोपटी काड्या डोकावतात तोच लव्हाळा. वारंवार कापल्याने तो दबतो, फुलोरा येत नाही, इतकंच. उपटलात तर गाठ खाली राहते. लॉन फार खाली कापलेलं असेल तर उलट त्याचं फावतं, ऊन थेट त्याला मिळतं. रुंद पानांची तणं, दुधी, आंबुशी वगैरे मात्र दाट आणि योग्य उंचीच्या लॉनमध्ये बरीच कमी होतात.

युरियाचा विषय मध्येच निघाला म्हणून आकडा देतो. हजार चौरस फुटांना एका वेळी १ किलो ही अगदी वरची मर्यादा, मी अर्धा किलोच सुचवेन. गवत कोरडं असताना फोकून लगेच पाणी. वाढ जोरात येते, म्हणजे कापणंही वाढतं. वेळ नसेल तर टाकू नका.

मुळशीकर

उंचवट्यांवर कायम खरवडलं जातं. तिथे कायमचा उपाय?

दूर्वांकुर

चाळलेल्या रेतीचा थर. पहिले एक-दोन पाऊस होऊन गवत वाढीला लागलं की, जूनच्या उत्तरार्धात. मोठी झड अपेक्षित असेल तर थांबा, सगळी रेती कोपऱ्यात वाहून जाते. आधी दोन-तीन टप्प्यांनी गवत २० मिमीवर आणा. या कामापुरतं पिवळं दिसलेलं चालतं, पुढे वाढीचे दिवस आहेत. मग सरासरी ५ मिमी थर. हजार चौरस फुटांना साधारण साडेसोळा घनफूट रेती लागते, म्हणजे ब्रासचा सहावा भाग. खळग्यांत जास्त, उंचवट्यांवर जवळजवळ नाही. लाकडी फळीला दोरी बांधून दोन दिशांनी ओढा. शेवटी पानांची टोकं रेतीच्या वर दिसली पाहिजेत. खळगा २५ मिमी खोल असेल तर एकदम भरू नका, तीन आठवड्यांच्या अंतराने भरा. क्रश सँड घेतलीत तर त्यातली भुकटी चाळून काढा, नाहीतर पाणी मुरणं बंद. उंचवटा फारच असेल तर गवताचा तुकडा सपाट फावड्याने उचला, खालची माती काढा, तुकडा परत बसवून दाबा.

आणि दर वेळी कापायची दिशा बदला. आज उत्तर-दक्षिण, पुढच्या वेळी पूर्व-पश्चिम, मग तिरपं. एकाच वाटेने चाक गेलं की तिथेच खळगा पडतो आणि गवत एका बाजूला कलतं. आधी कडेने दोन फेऱ्या, मग मधले पट्टे, प्रत्येक पट्टा मागच्यावर चार बोटं चढवून.

मुळशीकर

कळलं. शेवटचं: उन्हाळ्यात दोन महिने मशीन बंद होतं, आता दोरी ओढून हात दुखला तरी सुरू होत नाही. पेट्रोल टाकीत तसंच होतं.

गंज_पाना

तेच कारण. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की तळाला वेगळं साठतं आणि कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसतो. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा स्क्रू काढून तीही रिकामी करा, क्लीनरचा फवारा जेटमधून, म्हणजे त्याच बारीक भोकातून, मारा. प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करा, फट ०.७ ते ०.८ मिमी. एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, इंजिन ऑइलचे दोन थेंब चोळून पिळा. ताजं पेट्रोल घाला, ऑइल काडीवर बघा. तीन-चार ओढींत घेईल. नाहीच घेतलं तर प्लग बाहेर काढून टोपीला लावा, इंजिनच्या धातूला टेकवून दोरी ओढा आणि ठिणगी येते का बघून इथे लिहा. टाकीचं झाकण त्या वेळी बंद आणि प्लगचं भोक कापडाने झाकलेलं असू द्या. पुढच्या वेळी महिन्याहून जास्त बंद ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून ठेवा.

मुळशीकर

ठिणगी आहे. वाटीत तळाला पाण्यासारखे थेंब दिसले. जेट साफ करायला सुई घालू का?

गंज_पाना

सुई नको, भोक मोठं होतं आणि मग पेट्रोल जास्त जाऊन काळा धूर. वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने करा.